शिंगवाला भीमसरट

पालघरचा काळदुर्ग असो, की बोईसरकडील खडीच्या खाणी असोत, जिकडे पाहावे तिकडे काळा कातळ दृष्टीस पडतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो बनला. त्या धगधगत्या रसात हाडे टिकावीत तरी कशी? तारापूरच्या मुलाने कितीही खडक फोडले, तरी त्यात भीमसरटाचे, म्हणजे डायनोसॉरचे, हाड मिळणे दुरापास्तच.

परंतु नद्यांनी व सरोवरांनी पूर्वी साचविलेला गाळ काही ठिकाणी या कातळाखाली शाबूत राहिला. जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून त्यास लामेटा खडक म्हणतात. गुजरातेतील रहिओली गावी १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी अशा खडकातून पुष्कळ हाडे काढली. ती विखुरलेली होती. कोणते हाड कोणाचे, हे ओळखणे कठीण. श्रीवास्तवांनी एक काम मात्र फार नेटके केले. प्रत्येक हाड कोठे सापडले, याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला. पुढे २००१ साली पॉल सेरेनो व जेफ्री विल्सन हे अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर अभ्यासास बसले, तेव्हा त्या नकाशावरूनच एका प्राण्याची हाडे निवडता आली. नकाशा नसता, तर तो नुसता हाडांचा ढीग राहिला असता!

२००३ साली नाव जाहीर झाले : राजासॉरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेच्या प्रदेशातील सरटराज. त्याच्या कपाळावर शिंग होते. शिंग म्हणताच म्हशीचे वळणदार शिंग डोळ्यांसमोर आणू नका. हे हाडाचे बुटके, वाटोळे टेंगूळच. शिंगांची जनावरे चारा खातात, हा आपला नित्याचा अनुभव. अमेरिकेतील तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्सही झाडपालाच खाई. हा मात्र दोन पायांवर चालणारा पक्का मांसाहारी! एकमेकांस ढुशा देण्यासाठी ते शिंग असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्याची कवटी मादागास्कर बेटावरील मजुंगासॉरसच्या कवटीशी मिळतीजुळती आहे; कारण ते बेट व भारत एके काळी जोडलेले होते.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही लामेटा खडक उघडे पडले आहेत. तेथे हाडांबरोबर भीमसरटांची दगड बनलेली विष्ठाही मिळते. २००५ साली तीत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले. तोवर त्या काळी गवत नव्हतेच, असे पुष्कळ विद्वान मानीत असत.