घर बदलताना प्रकृतीचाही हिशेब करा

मुंबई-पुण्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी केल्यावर पुष्कळजण गावाकडे परतण्याचा विचार करतात. मोठ्या शहरातील दोन खोल्यांच्या किमतीत लहान गावी ऐसपैस घर होते, वर चार पैसे गाठीशी उरतात. हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यात प्रकृतीचा रकाना बहुधा कोराच राहतो.

प्रथम शहराची बाजू पाहू. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. जाण्या-येण्यात रोजचे तीन तास सहज जातात. हा वेळ झोपेतून आणि व्यायामातून कापला जातो. अपुरी झोप, अवेळी जेवण व सततची दगदग यांमुळे रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड होते. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाचे ठिकाण घराजवळ असलेल्या लहान गावी हे सहज साधते.

परंतु लहान गावची हवा शुद्धच असते, हा समज सोडून द्यावा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुंबई-पुण्याबरोबर सांगली, जालना, अकोला, चंद्रपूर ही शहरेही आहेत. वीटभट्ट्या, चुली व जाळलेला कचरा यांचा धूर लहान गावीही असतो. दम्याच्या रुग्णाने घर घेण्यापूर्वी थंडीच्या दिवसांत तेथे आठवडाभर राहून पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अंतराचा. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीतील अडथळा जितक्या लवकर दूर होईल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. मेंदूत गुठळी होऊन अर्धांगवायू झाल्यास ती विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही घाटरस्ता आणि पावसाळा वेळ खातातच. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास उपचार घ्यावे लागतात. केंद्र ५० किलोमीटरवर असेल, तर घरात वाचलेला पैसा गाडीभाड्यात जातो आणि अंगातली ताकद प्रवासात.

म्हणून घर ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः जाऊन विचाराव्यात :

१) रात्री दोन वाजता डॉक्टर हजर असणारे जवळचे रुग्णालय कोणते?
२) सीटी स्कॅन किती अंतरावर आणि रात्री चालू असतो काय?
३) आपली नेहमीची औषधे तेथील दुकानात मिळतात काय?
४) आपला आरोग्य विमा किंवा सरकारी योजना तेथील कोणत्या रुग्णालयात चालते?
५) पिण्याचे पाणी कोठून येते? बोअरचे असल्यास तपासून घ्यावे.
६) अडीअडचणीला धावून येणारा शेजार आहे काय?

निरोगी तरुण कुटुंबाला लहान गाव बहुधा मानवते. हृदयरोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा अर्धांगवायूचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी मात्र मूळ गावाऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणाचा विचार करावा. तेथे घर तुलनेने स्वस्त मिळते आणि उपचारही हाताशी असतात. गावचे घर सणासुदीला आहेच. निर्णय पक्का करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व तपासण्यांचे सर्व कागद एका फाइलमध्ये लावून बरोबर न्यावेत.