माल्टाच्या शिळांचे वय

भूमध्य समुद्राच्या नकाशात इटलीचा 'बूट' शोधा. बुटाच्या टोकाशी सिसिली हे मोठे बेट दिसेल. त्याच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर जे बारीक ठिपके आहेत, तो माल्टा देश. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्याची मुख्य बेटे. साऱ्या देशाचे क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर!

या चिमुकल्या देशात प्रचंड शिळांची प्राचीन मंदिरे आहेत. ती पाहण्यासाठी जाणकार मार्गदर्शकांबरोबर अभ्याससहली निघतात. आज आपण कागदावरच अशी एक सहल करू या. सहलीचे चार थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर आपण एकच प्रश्न विचारायचा आहे : हे आपल्याला कसे कळले?

पहिला थांबा : जगान्तिया

गोझो बेटावरच्या या मंदिराच्या नावातच राक्षस दडलेला आहे. एवढ्या शिळा माणसाने उचलल्या असतील यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून एका राक्षसिणीने हे मंदिर बांधले अशी कथा तेथे रूढ झाली. बाहेरची भिंत काही ठिकाणी ६ मीटरपेक्षा उंच आहे. १८२७ साली येथील माती-दगड उपसण्यात आले.

आत शिरण्यापूर्वी दगड नीट पाहा. बेटांवर चुनखडकाचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एक कठीण आणि खडबडीत, तर दुसरा मऊ आणि पिवळसर. बांधणाऱ्यांनी बाहेरच्या भिंतीला कठीण दगड वापरला आणि आतील दारे, वेदी यांसाठी मऊ दगड. मऊ दगड घडवायला सोपा असतो. पण वारा, पाऊस आणि खारी हवा यांपुढे तो लवकर झिजतो. हे काम करणाऱ्यांजवळ धातूची हत्यारे नव्हती. गारगोटीसारख्या कठीण दगडाची आणि ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेची धारदार हत्यारे ते वापरीत. ऑब्सिडियन माल्टात मिळत नाही. लिपारी आणि पँतेलेरिया या ज्वालामुखी बेटांवर तो मिळतो. यावरून त्या लोकांचे समुद्रापलीकडे दळणवळण होते, हे उघड होते.

दुसरा थांबा : तार्शीन

माल्टा बेटावरील तार्शीन येथे शेत नांगरताना नांगर सारखा मोठ्या दगडांना अडे. ही गोष्ट डॉ. थेमिस्टोक्लीस झमिट यांच्या कानावर गेली आणि १९१५ ते १९१९ या काळात त्यांनी तेथे उत्खनन केले. हे झमिट मूळचे डॉक्टर. 'माल्टा ज्वर' या रोगाचे जंतू शेळ्यांच्या शरीरात असतात, हे त्यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले होते. पुरावा काळजीपूर्वक गोळा करण्याची प्रयोगशाळेतील सवय त्यांनी शेतात आणली.

त्यांनी मातीचे थर एकेक करून उतरवले. वरच्या थरात ब्राँझ युगातील लोकांची रक्षापात्रे आणि ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्याखाली बारीक मातीचा थर होता, त्यात मानवी वस्तू नव्हत्या. त्याच्याही खाली मंदिराची फरशी लागली. न विस्कटलेल्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा पुरातत्त्वाचा पहिला नियम होय. तेव्हा मंदिर ब्राँझ युगाच्या आधीचे, एवढे निश्चित झाले.

येथे दगडाचे गोळेही सापडले. जड शिळा सरकवताना ते खाली घालीत असावेत, असा तर्क आहे. टेबलावर जाड पुस्तक नुसते ढकलून पाहा. नंतर त्याखाली गोट्या ठेवून ढकला. सरकण्याचे घर्षण आणि गडगडण्याचे घर्षण यांतील फरक बोटांना लगेच कळेल.

दगडाचे वय काढता येते काय?

'आधीचे' हे कळले. पण किती आधीचे? तार्शीनच्या शिळांवर गोल वळत जाणारी सर्पिल नक्षी आहे. ग्रीसमधील मायसीनी येथेही सर्पिल नक्षी आढळते आणि तिचा काळ इ. स. पू. १६०० च्या आसपासचा. कला आणि शहाणपण पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरले, असे तेव्हा बहुतेक विद्वान मानीत. त्यामुळे माल्टाची नक्षी मायसीनीवरून घेतलेली असणार, असे अनुमान निघाले. ते सरळ दिसत होते. तरीही ते चुकीचे होते.

ते खोडून काढले कोळशाच्या तुकड्यांनी. १९४९ मध्ये विलार्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन-१४ पद्धत मांडली. तिच्यासाठी लिबींना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत वनस्पती हवेतून कार्बन घेतात, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. वनस्पती मेली की ही आवक थांबते आणि शरीरातला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, ११,४६० वर्षांत पाव उरतो. उरलेला अंश मोजला की किती वर्षे लोटली ते निघते.

शिळेचे वय मात्र या पद्धतीने काढता येत नाही. चुनखडक माणसाच्या कितीतरी आधीचा असतो. म्हणून फरशीखाली किंवा भिंतीच्या पायात अडकलेले कोळसा, हाड, धान्य असे पदार्थ शोधावे लागतात. त्यांचे वय कळले की बांधकामाचा काळ सांगता येतो. म्हणूनच नमुना कोणत्या थरातून घेतला, याची नोंद नमुन्याइतकीच मोलाची असते.

पुढे आणखी एक अडचण निघाली. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाइन हे वृक्ष हजारो वर्षे जगतात. त्यांची वार्षिक वलये मोजून आणि प्रत्येक वलयातील कार्बन-१४ तपासून शास्त्रज्ञांनी घड्याळाची ही चूक दुरुस्त केली. १९६७ मध्ये हान्स सूस यांनी अशी दुरुस्ती सुचवली, तेव्हा माल्टाच्या मंदिरांचा काळ आणखी शतकानुशतके मागे गेला. जगान्तियाचे बांधकाम आता इ. स. पू. ३६०० च्या सुमारास सुरू झाले असे मानतात. गीझाचा मोठा पिरॅमिड सुमारे इ. स. पू. २५६० चा, म्हणजे हजार वर्षांनी धाकटा! मायसीनी तर त्याहून धाकटे. नातवाकडे पाहून आजोबा चित्रकला शिकले, असे कसे म्हणता येईल? पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्र्यू यांनी हा मुद्दा ठासून मांडला. माल्टाच्या लोकांनी आपली मंदिरे स्वतःच्या कल्पनेने उभारली, हे मान्य करणे भाग पडले.

तिसरा थांबा : म्नायद्रा

समुद्राकाठच्या उतारावरील या मंदिरसमूहातील दक्षिणेचे मंदिर पूर्वाभिमुख आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, उगवत्या सूर्याचे किरण मुख्य दारातून थेट आतपर्यंत जातात. जून आणि डिसेंबरमधील अयनदिनी ते आतल्या वाटेच्या दोन बाजूंच्या शिळांच्या कडांवर पडतात. बांधणाऱ्यांनी सूर्योदयाची जागा वर्षभर न्याहाळली असली पाहिजे.

२००१ मध्ये काही समाजकंटकांनी येथील अनेक शिळा पाडल्या आणि फोडल्या. तज्ज्ञांनी जुनी छायाचित्रे आणि आराखडे पाहून त्या पुन्हा बसवल्या. ऊन-पावसापासून बचाव व्हावा म्हणून २००९ पासून मंदिरांवर मोठे छत्र उभारलेले आहे.

चौथा थांबा : हाल सफ्लीनी

येथे जमिनीखाली जायचे आहे. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना खडकात कोरलेली दालने लागली. ती तीन मजल्यांची असून सुमारे १० मीटर खोलीपर्यंत जातात. छतांवर तांबड्या काव्याची नक्षी आहे. हे एक सामुदायिक दफनस्थान होते. येथे सुमारे ७,००० माणसांचे अवशेष असावेत, असा झमिट यांचा अंदाज होता.

उत्खननाचे पहिले काम फादर मानुएल माग्री यांनी केले. १९०७ मध्ये ट्युनिशियात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नोंदी हरवल्या. त्यांनी उपसलेल्या भागात कोणती वस्तू कोठे, कोणत्या हाडांशेजारी होती, हे सांगणारे कोणी उरले नाही. रसायनशास्त्राचा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. उत्खनन मात्र एकदाच होते. एकदा उचललेला थर परत जागेवर ठेवता येत नाही, त्याची नोंद तेवढी उरते.

आज या दालनांना पाहुण्यांचाच धोका आहे. आपल्या श्वासातील बाष्प आणि कर्बवायू, शरीराची उष्णता आणि दिव्यांचा प्रकाश यांमुळे भिंतींवर शेवाळ वाढते व रंग उडतो. म्हणून १९९० नंतरची काही वर्षे हे ठिकाण बंद ठेवून हवा नियंत्रित करण्याची सोय केली गेली. २००० साली ते उघडले ते दर तासाला फक्त १० आणि दिवसाला ८० प्रेक्षक, या अटीवर. पाहण्याची इच्छा आणि जपण्याची जबाबदारी यांचा असा हिशेब घालावा लागतो.

करून पाहा

१. पूर्वेकडे उघडणारी खिडकी निवडा. सकाळचे पहिले ऊन समोरच्या भिंतीवर जेथे पडते, तेथे दर पंधरा दिवसांनी खडूने खूण करून तारीख लिहा. सूर्याकडे थेट पाहू नका. सहा महिन्यांनी खुणा कोणत्या दिशेने सरकल्या ते वहीत मांडा.

२. एका हाडात मूळच्या कार्बन-१४ चा आठवा हिस्सा उरला आहे. ते किती वर्षांपूर्वीचे?

३. पुरातत्त्वज्ञ अनेकदा अवशेषांचा काही भाग मुद्दाम न खोदता ठेवतात. ते असे का करीत असावेत? कार्बन-१४ पद्धत १९४९ पूर्वी कोणालाच ठाऊक नव्हती, हे लक्षात घेऊन वर्गात चर्चा करा.