बोंडअळी बदलली, ती आपल्याच शेतात

पोळ्याच्या आगेमागे कपाशी पाते-फुलांवर येते आणि त्याच सुमारास गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी फुलांत उतरते. येत्या आठवड्यात धुऱ्यावरून नजर टाकून परतू नका, ओळींत शिरून फुले पाहा. इतर फुले उमलली तरी जे उमलत नाही, ज्याच्या पाकळ्यांची टोके एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात, ती डोमकळी. पाकळ्या बोटांनी सोडवल्या की बारीक धागे ताणले जातात आणि आत लहानशी अळी सापडते. या वयात ती गुलाबी नसते, पांढरट असते. डोके तेवढे काळसर. डोमकळ्या तोडून पिशवीत जमा करा आणि अळीसकट नष्ट करा. तिथेच सरीत टाकल्या तर अळी मातीत कोषात जाते आणि साधारण महिन्याभरात पुढची पिढी बोंडांवर हजर होते.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली, तेव्हा बोंडात अळी शोधूनही सापडत नव्हती. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे बीजी-२ वाण आले. मात्र २०१० च्या सुमारास गुजरातच्या सौराष्ट्रात पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी नोंदली गेली. २०१५ पर्यंत तिकडे बीजी-२ ची बोंडेही किडू लागली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात वेचणीच्या वेळी कवडीच हाती आली.

अळीला बीटीची सवय झाली, असे सर्रास बोलले जाते. तसे झालेले नाही, आणि हे नीट समजले तर पुढचे उपायही नीट समजतात. एखादी अळी बीटी पचवायला शिकत नाही. ती बीटी खाते आणि मरते किंवा जगते, एवढेच तिच्या हाती असते. बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटते आणि आतडे फोडते. लाखो पतंगांत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने असा फरक पडलेला असतो की ती चिकटण्याची जागाच बदलते. बीटी देशात येण्याआधीही असे फरक तुरळक असू शकतात; तेव्हा त्यांचा ना फायदा, ना कोणाला पत्ता. बीटी पेरल्यावर बाकीच्या मेल्या आणि या उरल्या. आपण ज्वारीची टपोरी कणसे निवडून पुढच्या वर्षीचे बियाणे करतो, तीच निवड इथे नकळत झाली.

गुलाबी बोंडअळीत हा गुण बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून आला तरच पुरता कामी येतो. एकाच बाजूने आला, तर पूर्ण मात्रेच्या बीटीवर ती अळी बहुधा मरते. समजा, हजारात एका जनुकात असा फरक आहे. मग दोन्ही बाजूंनी तो मिळालेली अळी दहा लाखांत एखादीच. शेजारी साधी कपाशी असेल, तर या एकुलत्या पतंगाला जोडीदार मिळतो तो साध्या कपाशीवर वाढलेला, आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. चहूकडे फक्त बीटी असेल, तर जगलेल्यांचे मीलन जगलेल्यांशीच होते आणि काही वर्षांत तोच गुण साऱ्या शिवारात पसरतो. बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट यायचे, ते यासाठीच. बहुतेकांनी ते बांधावर फेकले. त्यात शेतकऱ्याचा एकट्याचा दोष नाही. त्या पाकिटात काय आहे आणि ते का लावायचे, हे कोणी त्याला धड सांगितलेच नव्हते. पुढे हे बी पिशवीतच मिसळून येऊ लागले.

हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळीही हेच बीटी खात होती, पण ती अजून बऱ्याच अंशी आटोक्यात आहे. ती तूर, हरभरा, टोमॅटो, मका सगळ्यांवर जगते, त्यामुळे बीटी न खाल्लेले पतंग तिला दरवर्षी फुकट मिळतात. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर. तिला दुसरे घर नाही.

त्यात आपले वाण संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. काहींत दोन्ही प्रथिने, काहींत एकच, थोड्यांत एकही नाही. आणि गुलाबी अळी तर एका सरकीतून दुसरीत जात सरक्याच खाते. तिला कमी-जास्त विष मिळते आणि एकाच बाजूने गुण आलेल्या, एरवी मेल्या असत्या अशा अळ्याही तग धरतात. माझ्या मते आपल्याकडे ही अळी इतक्या लवकर हाताबाहेर जाण्यामागे हे मोठे कारण आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बीटीच्या सरळ वाणांसोबत साधी कपाशी नियमाने लावली आणि दहा वर्षे अळी बीटीला बळी पडत राहिली. २००६ पासून तिथे नपुंसक केलेले पतंग सोडले गेले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड संपल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे आता नुसत्या साध्या ओळींनी गुलाबी अळी मागे फिरणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तरीही त्या लावा, कारण हिरव्या अळीवर बीटी टिकवायची आहे. गुलाबी अळीसाठी मात्र तिच्या पिढ्या मोजून तोडाव्या लागतील.

आत्ता एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या उंचीच्या थोडे वर लावा, आणि गोळ्या (ल्यूर) वेळेत बदला. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा एकरात वीस झाडांवरची प्रत्येकी एक हिरवी, कोवळी बोंडे फोडल्यावर दोनांत अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. बोंड बाहेरून पाहून काही कळत नाही; अळी शिरते ते छिद्र बुजून जाते. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पुढचे औषध कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतले घ्या, आणि लागोपाठ एकाच गटातले घेऊ नका. बीटीने जी निवड केली तीच औषधही करते. दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले आहेत. तोंड, डोळे, हात झाका आणि वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका.

सर्वांत मोठा घाव मात्र डिसेंबरात घालायचा आहे. हंगामाच्या शेवटची अळी दोन सरक्या जोडून त्यात दीर्घ झोपेत जाते आणि पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते. चार क्विंटलच्या आशेने फरदड ठेवली की सहा महिने बीटी खाऊन तगलेल्या, म्हणजे निवडून निवडून उरलेल्या अळ्यांनाच आपण पुढच्या वर्षीची बेगमी करून देतो. पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा घरामागे रचले तरी तेच, आणि जिनिंगच्या आवारात पडून राहिलेल्या किडक्या सरकीतून तर पतंग गावभर होतात. पुढच्या वर्षी जूनआधी लागवड करू नका. लवकर निघालेल्या पतंगांना पाते-फूल मिळाले नाही तर ते अंडी न घालताच मरतात.

पतंग धुरा मानत नाही. दहा जणांनी शेत साफ केले आणि अकराव्याने फरदड ठेवली, तर त्याच्या शेतातले पतंग दहाही शेतांत जातात. म्हणून डिसेंबरअखेर कपाशी काढायची तारीख आत्ताच, पोळ्याला गाव एकत्र असताना, ग्रामसभेत ठरवा. आणि ठरलेल्या दिवशी गावातल्या प्रत्येक शेतातली पऱ्हाटी उपटली जाईल, एवढे बघा.