प्रोफेसर स्नेडेकर : शेतांतील आंकड्यांचे परीक्षक

आमची सारी नोकरी महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. पिकाची पैसेवारी, जिला जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात, ती बांधावर उभें राहून नजरेनें ठरतांना आम्हीं अनेकदां पाहिली. एके वर्षीं रस्त्याकडील शिवार पाहून लिहिलेला आंकडा आम्हीं स्वतः वळणदार अक्षरांत तक्त्यावर चढविला. ओढ्यापलीकडील ज्वारी त्या वर्षीं करपून गेली होती. त्या गांवास सवलत मिळाली नाहीं. आमच्या बेरजेंत चूक नव्हती, आंकडा घेण्यांत होती. तेव्हांपासून 'हा आंकडा आला कोठून' हा प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. ज्या अमेरिकन गणितशिक्षकानें हाच प्रश्न शेतीच्या प्रयोगांस जन्मभर विचारला, त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी असें म्हणूनच वाटलें.

जॉर्ज वॅडेल स्नेडेकर ह्यांचा जन्म १८८१ सालीं टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहरीं झाला. १९०५ मध्यें अलाबामा विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं कांहीं वर्षें शिक्षकी केली, आणि १९१३ त मिशिगन विद्यापीठांतून पदार्थविज्ञान घेऊन एम्. ए. झाल्यावर ते आयोवा संस्थानांतील एम्स गांवच्या शेतकी कॉलेजांत गणित शिकवूं लागले. अभ्यास करून मिळवावयाची डॉक्टरची पदवी त्यांनीं कधींच घेतली नाहीं. जेमतेम मराठी शाळा शिकलेल्या आम्हांस हें वाचून बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

आयोवा हा मक्याचा मुलूख. ह्या शतकाच्या मागील शतकारंभीं तेथें मक्याच्या कणसांचीं प्रदर्शनें भरत. भरदार, सारख्या ओळींच्या कणसास बक्षीस मिळे व तेंच बियाणें उत्तम समजलें जाई. हेन्री वॅलेस नांवाच्या एका शाळकरी मुलानें १९०४ त बक्षिसाचीं व बिनबक्षिसाचीं कणसें वेगवेगळ्या ओळींत पेरून उत्पन्न मोजलें, तों देखण्या कणसांचें पीक मुळींच सरस भरलें नाहीं. हाच मुलगा पुढें शेतकऱ्यांच्या वृत्तपत्राचा संपादक झाला, १९३३ त अमेरिकेचा शेतकी मंत्री झाला व १९४१ त उपाध्यक्ष झाला. १९२४ सालीं तो दर शनिवारीं एम्सला येऊन प्राध्यापकांस आंकडेमोडीच्या नव्या रीती शिकवी. संपादकानें शिकवावें आणि प्राध्यापकांनीं वही घेऊन बसावें, हा देखावा आम्हांस फार गोड वाटतो. त्या वर्गांत स्नेडेकर होते. दोघांनीं मिळून १९२५ त यंत्रानें हिशेब करण्याविषयीं एक पुस्तिका काढली, आणि १९२७ त कॉलेजांतील कोणाही संशोधकास हिशेबाची मदत देणारी एक कचेरीच स्नेडेकरांनीं सहकाऱ्यासह उघडली.

१९३१ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड शेतकी संशोधन केंद्रांतले रोनाल्ड फिशर हे स्नेडेकरांच्या निमंत्रणावरून एम्सला आले. मूळ विद्या फिशरांची. परंतु त्यांचें लिखाण गणित्यांनाही जड जाई. तें शेतकी संशोधकाच्या हातीं पडेल असें सोपें करणें हें काम स्नेडेकरांचें. ती विद्या कोणती, हें उदाहरणानें पाहूं.

समजा, चार वाफ्यांत नवें बियाणें पेरलें व चारांत जुनें. कोणत्या वाफ्यांत कोणतें, हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें. नव्याचें उत्पन्न ९, ११, १० व १० पायल्या. जुन्याचें ८, ८, ९ व ७. सरासरी १० आणि ८. आतां दुसऱ्या गांवीं असाच प्रयोग केला, तेथें नव्याचें उत्पन्न १४, ६, १३ व ७. जुन्याचें १२, ४, १० व ६. सरासरी पुन्हा १० आणि ८ च. दुकानदार दोन्हीं गांवीं 'दोन पायल्या वाढ' असेंच सांगेल. स्नेडेकर म्हणतील, थांबा. एकच बियाणें असतांही वाफ्यावाफ्यांत किती फरक पडतो, तें आधीं पाहा. दोन्ही सरासरी मधल्या ९ पासून एकेक दूर आहेत. त्यांचे वर्ग करून मिळविले व चार वाफ्यांनीं गुणले म्हणजे ८ येतात. ही बियाण्यांमधील तफावत. मग प्रत्येक वाफा आपल्या सरासरीपासून किती दूर, त्याचे वर्ग मिळवावे : पहिल्या गांवीं ४, दुसऱ्या गांवीं ९०. आठ वाफ्यांतून दोन सरासरी वजा जातां राहिलेल्या ६ नें ह्यांस भागावें. पहिल्या गांवीं दोन-तृतीयांश येतात, दुसऱ्या गांवीं १५. ह्या संख्यांनीं वरील ८ ला भागिलें कीं पहिल्या गांवीं १२ व दुसऱ्या गांवीं अर्ध्याहून थोडें अधिक. कोष्टकांत येथील मर्यादा सुमारें ६ आहे. बियाण्यांत कांहींच भेद नसेल तर केवळ योगायोगानें ती शंभरांत पांच वेळांच ओलांडली जाते. म्हणून पहिल्या गांवीं वाढ खरी मानण्यास आधार आहे. दुसऱ्या गांवीं ती जमिनीच्या चढउतारांत बुडाली आहे. त्या प्रयोगाच्या भरंवशावर बियाण्यास जास्त पैसे मोजूं नयेत. ह्या भागाकारास स्नेडेकरांनीं १९३४ त फिशरांच्या नांवाच्या आद्याक्षरावरून 'एफ्' हें नांव दिलें, तें आज जगभर चालतें.

१९३३ त एम्सची संख्याशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली व १९४७ पर्यंत ते तिचे संचालक होते. १९३७ त त्यांचा 'स्टॅटिस्टिकल मेथड्स' हा ग्रंथ निघाला. डुकरांचीं वजनें, मक्याचें उत्पन्न अशा गोठ्याशेतांतल्या उदाहरणांनीं तो भरलेला असल्यामुळें पिढ्यान्पिढ्या वापरला गेला.

१९४० ची एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील कॉलेजानें नव्या खात्याच्या प्रमुखासाठीं नांवें मागितलीं. स्नेडेकरांनीं पुरुषांचीच यादी केली. ती पाहून त्यांच्या हाताखालील गर्ट्रूड कॉक्स ह्या बाईंनीं विचारलें, माझें नांव कां नाहीं? स्नेडेकरांनीं पत्राखालीं एक ओळ वाढविली कीं, स्त्री चालत असेल तर हीच योग्य. नेमणूक बाईंची झाली. परीक्षकाच्या नजरेंतूनही जवळचें सुटतें. मात्र दाखविल्यावर त्यांनीं तें मान्य केलें.

१९७४ त स्नेडेकर वारले. त्यांचा ग्रंथ छापणाऱ्या आयोवाच्या कॉलेज प्रेसनेंच १९५४ त नमुना-पाहणीवरील एक ग्रंथ छापला, त्याचे कर्ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. १९४० नंतरच्या दशकांत सुखात्मे व इंदूरचे विनायक गोविंद पानसे ह्यांनीं आपल्या देशांत पीक-कापणीच्या प्रयोगांस शास्त्रीय शिस्त लाविली. त्या शिस्तींत कापावयाचा तुकडा कोणाच्या पसंतीनें घ्यावयाचा नसतो. शेत कोणतें व त्यांत कोपऱ्यापासून किती पावलांवर दोरी लावावयाची, हें यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरतें. आपल्या गांवीं कापणीसाठीं मंडळी येतील, तेव्हां वाचकांनीं तो अंक विचारून घ्यावा, आणि दोरी बांधालगतच्या दाट पिकाकडे सरकूं लागली तर तेथल्या तेथें हटकावें.