पोरगं किती जोरात पळतं? हिशेब तीन हजारांत

पोरगं चांगलं पळतं असं क्रीडाशिक्षक म्हणाले, की घरात पहिला विषय घड्याळाचा निघतो. साध्या जीपीएस घड्याळाला पाच-सात हजार लागतात, धावपटूंसाठीच्या नामांकित कंपनीचं घेतलं तर पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातं, आणि छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा वेगळाच. ही खरेदी पहिल्या वर्षी तरी करू नका. घड्याळ एका मुलाचा वेग सांगतं. वीस मुलांत कोण कुठे आहे, हे सांगत नाही.

क्रॉसकंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानावरच्या लांब शर्यतीत, खरी अडचण मार्गाची असते. परतवाड्याच्या सपाट मैदानावरचे 3 किलोमीटर आणि चिखलदऱ्याच्या चढउतारावरचे 3 किलोमीटर यांची वेळ शेजारी मांडणं म्हणजे शुद्ध अन्याय. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटरवर आहे, तिथे दमही वेगळा लागतो. शिवाय नोव्हेंबरची पहाट आणि मार्चची सकाळ यांत आपल्या वऱ्हाडात किती फरक पडतो, हे सांगायला नको. अमेरिकेतल्या शाळकरी क्रॉसकंट्रीत यावर एक तोड निघाली, तीही घोड्यांच्या शर्यतीतल्या गुणांकनावरून: दोन्ही मार्गांवर पळालेली मुलं शोधायची आणि त्यांच्याच वेळांवरून मार्गाची अवघडता ठरवायची. तिथल्या 5 किलोमीटरच्या शर्यतीत साधारण 3 सेकंदांना 1 गुण धरतात.

आपल्याकडे हे वहीतही जमतं. समजा, पाच मुलं दोन्ही मार्गांवर पळाली आणि चढाच्या मार्गावर त्यांना अनुक्रमे 38, 41, 44, 45 आणि 79 सेकंद जास्त लागले. सरासरी काढू नका. ती 49 च्या वर जाते, कारण शेवटच्या पोराला त्या दिवशी ताप असेल किंवा त्याची चप्पल तुटली असेल. मधला आकडा घ्या, 44. आता फक्त चढाच्या मार्गावर 13 मिनिटं 20 सेकंदांत पळालेल्या मुलीची सपाट मार्गावरची वेळ 12 मिनिटं 36 सेकंद धरायची. गटातली मधली वेळ 12 मिनिटं 50 सेकंद असेल आणि तिला 100 गुण दिले, तर अंतर कमी म्हणून 2 सेकंदांना 1 गुण या हिशेबाने या मुलीचे 107 होतात. हवामानाचा फरकही त्या 44 मध्येच आला.

तेच पोरगं आज पळालं आणि आठवड्याने पुन्हा पळालं, तरी वेळ एखाद्या टक्क्याने सहज हलते. इथे एक टक्का म्हणजे साडेसात सेकंद, जवळजवळ 4 गुण. म्हणून 107 आणि 104 यांत थोरला-धाकटा ठरवू नये. चार-पाच शर्यतींनंतरच आकड्यावर विसंबावं.

आता खर्च. दोन स्टॉपवॉच सहाशे रुपयांत येतात. अंतर मोजायचं चाक हजार ते अडीच हजारांना मिळतं. दोन शाळांनी मिळून घेतलं तर उत्तम. फोनवरच्या अंतरावर विश्वास नको, झाडाखालून आणि वळणांवरून जाताना ते चुकतं. छातीवरचे कापडी क्रमांक शिवून घ्या, दोनशे-तीनशे रुपये. शेवटच्या रेषेवर एक फोन तिपाईवर लावून चित्रण करा. दोन पोरं एकदम आली तरी वाद उरत नाही. स्प्रेडशीट फुकट आहे. सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास, आणि तेही वर्षानुवर्षं टिकणारं. मुलांना चिखलदऱ्याला न्यायचं असेल तर एसटीचं भाडं धरा. महिलांना 2023 पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, मुलींचा खर्च तेवढा कमी.

आकडे अचानक घसरले, की पालक नवे बूट आणतात. त्याआधी हिमोग्लोबिन तपासा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तीही चाचणी विचारून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, त्यामुळे यासाठी खिशाला हात लावायची गरज नाही.

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. एकाच गटातला वयात आलेला मुलगा आणि न आलेला मुलगा यांचे गुण एकाच यादीत लावले, तर उशिरा वाढणारा नाहक मागे राहतो. चौदाच्या आतल्यांची फक्त स्वतःच्या जुन्या वेळेशी तुलना करा. यादी व्हॉट्सअॅप गटावर टाकणं तर टाळाच. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि कायदा नसता तरी शेवटच्या पोराचं नाव गावभर कशाला फिरवायचं?

घड्याळ घ्यायचंच असेल तर मुलाने सलग एक हंगाम वहीत नोंदी ठेवल्यावर घ्या. अमरावतीच्या 1914 मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांसोबत वही घेऊन तिथल्या जाणकारांना एकदा भेटा. पण त्याआधी या रविवारी एक मार्ग चाकाने मोजून घ्या.