शेवट माहीत असूनही सिनेमा का बघतो?

प्रश्न : तमाशाचा असो, प्रेमाचा असो, कुठलाही सिनेमा लावा, पुढे काय होणार ते आधीच कळतं. तरी आपण बघतो. आणि कुणी शेवट वेगळा केला, की फसवलं म्हणून चिडतो. असं का?
– एक वाचक, पोखर्णी (नृसिंह), जि. परभणी

उत्तर : तुमच्या गावच्या देवाचीच कथा घ्या. हिरण्यकशिपू मरणार, हे कीर्तनाला बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी कुणी उठत नाही. ना माणसाकडून ना पशूकडून, ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर. एवढ्या अटी सांभाळून देव त्याला मारणार कसा, यातच सगळी गंमत. सिनेमाचंही तसंच आहे.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्यात विजयानंद थिएटरला 131 आठवडे चालला आणि तमाशापटांची लाट आली. लावणी, सवाल-जवाब, इरसाल पाटील हे सगळं ठरून गेलं. त्याचा दिग्दर्शकाला फायदाच होतो. ढोलकीवर थाप पडली, समोर बसलेल्या पाटलानं मिशीला पीळ दिला, की पुढचं संकट तोंडानं सांगावं लागत नाही. रवी जाधव यांनी ‘नटरंग’मध्ये (2010) फड तोच ठेवला, पण पहिलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो आणि एरवी बाईच्या वाट्याला येणारी विटंबना त्याच्या वाट्याला येते. तमाशापट अंगवळणी पडलेले होते, म्हणूनच ते इतकं लागलं.

‘सैराट’मध्ये (2016) नागराज मंजुळे यांनी आधी प्रेमकथेचे सगळे लाड पुरवले. गरीब पोरगा, पाटलाची पोरगी, विहीर, बुलेट. चारही गाणी पळून जाण्याआधीच संपतात. शेवटी मारल्या गेलेल्या त्या दोघांच्या रक्तानं माखलेली त्यांच्या लेकराची पावलं उमटत जातात, तेव्हा साधा आवाजही नसतो. तरी ही फसवणूक नव्हे. पाटलाचा मुलगा भरवर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, तिथेच हा शेवट पेरलेला आहे.

तेव्हा शेवट बदलला म्हणून चिडू नका. आधी आठवून बघा, त्याची चाहूल कुठे दिली होती का? दिली असेल, तर पैसे वसूल. नसेल, तर तुमचा राग रास्त आहे.