लॅपटॉपची झोप आणि उधारीचा हिशेब

जानेफळच्या आमच्या कापड दुकानात उधारीचा हिशेब जुन्या लॅपटॉपवर असतो. त्यावर लिनक्स आहे. परवान्याचे पैसे पडत नाहीत. (सी-डॅकनेही २००७ साली ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले.) झाकण मिटून जेवायला जावे, तर परत येईतो बॅटरी निम्मी! एकदा ती पार संपली आणि साठवायचा राहिलेला दिवसाचा हिशेब गेला.

व्यापारी बंधूंनो, लॅपटॉपची झोप दोन तऱ्हेची असते. उथळ झोपेत पडदा विझतो, पण आतले बरेच भाग वीज खात राहतात. गाढ झोपेत मुख्यतः रॅमलाच वीज मिळते. आपली कोणती, हे ‘सिस’ फोल्डरातील ‘पॉवर’मध्ये ‘मेम स्लीप’ ही फाईल वाचली की कळते. चौकोनी कंसातला शब्द चालू समजावा. आमच्याकडे कंस ‘एस टू आयडल’ला, म्हणजे उथळ झोपेला होता. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘मेम स्लीप डिफॉल्ट’ला ‘डीप’ केले, ग्रब अपडेट करून मशीन पुन्हा सुरू केले. फाईलमध्ये ‘डीप’ नसेलच तर बायोसमध्ये शोधावे. पुष्कळ नव्या मशीनांत तो मिळतच नाही.

वीज फार वेळ जात असेल तर हायबरनेट बरे. त्यात रॅममधले सारे डिस्कवर उतरते, मग बॅटरी संपली तरी चालते. त्यासाठी स्वॅपची जागा साधारण रॅमएवढी हवी. उबुंटूत ही सोय मुळात बंद असते.

चाचणी हिशेब साठवूनच घ्यावी. आमचा पडदा दोनदा काळाच राहिला, तिसऱ्यांदा वायफाय उठले नाही.